सरळ रेघेची कटकट

सरळ भिंत कुणाच्या पाहण्यात असेल तर मला कळवा. मी येतो, तिच्या पाया पडतो आणि घरी जातो. अख्खी उमर भिंतीवर रेघा मारण्यात गेली. तेलंगणातल्या आमच्या वांकिडीपासून बेज्जूरपर्यंत आणि इकडे आदिलाबादच्या कापूस मार्केटपर्यंत कुठल्याही गावात जा, शाळेला नाहीतर पंचायतीला आमच्या घरचा ब्रश लागलेला आहे. पण सरळ भिंत काही भेटली नाही. एकीचं पोट पुढं आलेलं, दुसरीची कंबर आत गेलेली. आणि लोक येऊन सांगतात काय, तर "पेंटर, रेघ वाकडी आली." अरे बाप्पा, आधी भिंत तर पाहा!

दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, धंद्यातले अनुभव लिहा, आणि तुमच्या बोलीत लिहा. आता मी लिहायला बसलो की शाळेतल्या गुरुजींची भाषा येते आणि चिडलो की घरची येते. या विषयावर मी बहुतेक चिडलेलाच असतो, तेव्हा सांभाळून घ्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पेंटर म्हणजे अक्षरं. अक्षरांचं काही नाही हो. अक्षर जरा इकडं तिकडं झालं तर लोक म्हणतात, वळण आहे. तेलुगू तर सगळं गोल गोल, त्यात हात हलला तरी खपून जातं. कटकट असते ती पट्ट्याची. सरकारी भिंतीला खाली गडद रंग, वर फिका, आणि दोघांच्या मधे बोटभर जाडीची एक रेघ. ही रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या तारेसारखी पाहिजे. जरा हलली की धावत्या बसमधून दिसते. ज्याला स्वतःच्या शर्टाच्या गुंड्या वरखाली लागल्या ते दिसत नाही, त्यालासुद्धा भिंतीवरची वाकडी रेघ दिसते.

आमचा बाप निळीत भिजवलेली दोरी मारायचा. दोघांनी दोन टोकं धरायची, मधे चिमटीत उचलायची आणि सोडायची. फट्ट! भिंतीवर निळी खूण उमटली की तिच्यावरून ब्रश चालवायचा. आता खूण कुणीही उमटवील, पण ब्रश चालवायला हात पाहिजे, आणि तो हात आमच्या घरात एकालाच मिळाला. माझा थोरला भाऊ, गणपत दादा. दादा भिंतीला खांदा लावून चालत जायचा आणि त्याच्या मागं रेघ येत जायची. मी रंग कालवायचो, शिडी धरायचो, मोठमोठ्या भिंती भरून काढायचो. रेघ मात्र दादाची. पहिल्यापासून तसंच ठरलेलं होतं.

मग दादाचा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची. मी विचारलं तर म्हणाला, "थंडी हाये." मे महिन्यात थंडी! दवाखान्यात नेलं, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी झोप चांगली आली आणि हात होता तसाच राहिला.

सरकारी कामं आम्हाला गुत्तेदाराकडून, म्हणजे ठेकेदाराकडून मिळायची. राजन्ना त्याचं नाव. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचा. माणूस वाईट नव्हता, पण बिल पास करणारा साहेब त्याच्या मानेवर बसलेला, म्हणून तो आमच्या मानेवर. एका पंचायतीच्या भिंतीपुढं उभा राहून त्यानं मला बाजूला घेतलं. "शंकर, ये लाइन है के साँप है? आगे से टेढ़ी आई तो बूढ़ा नक्को. तू आ, उसको घर बिठा."

दादा दहा पावलांवर ब्रश धूत होता. त्याला हात दगा देत होता, कान नाही.

दादाला घरी बसवणं म्हणजे काय, ते राजन्नाला काय माहीत? आमची वांग्या-टमाट्याची छोटी वाडी आहे. त्यात काम करायला सांगितलं तर तो सरी वाकडी पडली म्हणून गड्याशी भांडायचा. ब्रशाशिवाय त्याला दुसरं काही येतच नव्हतं. त्या संध्याकाळी वहिनी मला ओट्यावर गाठून म्हणाली, "भाऊजी, त्याइले कामावरून काढू देऊ नका जी. घरी बसले त झुरून मरतीन." ती रडत नव्हती, भाजी निवडत होती. त्यामुळं मला जास्तच भीती वाटली.

म्हणून मी पट्टीच्या नादी लागलो. पट्टी म्हणजे मास्किंग टेप, कागदाची चिकटपट्टी. रेघेच्या वर एक लावायची, खाली एक लावायची, मधे रंग भरायचा आणि पट्टी ओढून काढायची. हात कितीही हलला तरी रंग पट्टीवर जातो, भिंतीवर रेघ सरळच. दादाला दाखवली तर त्यानं नाक मुरडलं. "पट्टी लावूनच रेघ माराची त मंग पेंटर कायले पाह्यजे? टेलर बोलाव."

शेवटी कसाबसा तयार झाला, तर पट्टीनंच रंग दाखवायला सुरुवात केली. दुकानातली पट्टी ज्यानं कुणी बनवली त्यानं आमच्याकडची भिंत पाहिली नसणार, याबद्दल माझी पैज आहे. चुन्याच्या भिंतीवर लावा, ती भिंतीला नाही, चुन्याच्या पिठाला चिकटते. ओढली की दरवर्षीच्या दिवाळीचे पापुद्रे घेऊन खाली येते. खरबरीत सिमेंटवर लावा, ती उंचवट्यांवर बसते आणि खालच्या खळग्यांतून रंग मजेत पलीकडं जातो. टिनाच्या दारावर अशी चिकटते की आमच्या उन्हात तिचा गोंद शिजतो आणि पट्टी निघाली तरी गोंद निघत नाही. बेज्जूरकडं भिंतीला ओल, तिथं ती चिकटायलाच तयार नाही. आणि आदिलाबादच्या मार्केटात तर कहरच. तिथं हंगामात हवेत कापसाचे तंतू उडतात. ते पट्टीच्या कडेला बसतात, आणि एकेक तंतू दिव्याच्या वातीसारखा रंग ओढून पलीकडं नेतो. पट्टी काढली तेव्हा माझ्या रेघेला मिशा फुटल्या होत्या. दादा पाहत राहिला आणि म्हणाला, "सापापेक्षा हे बरं का रे?"

तेवढ्यात राज्य बदललं. आंध्र प्रदेशातून तेलंगणा वेगळं झालं आणि सगळ्या पाट्या जुन्या झाल्या. आमच्या भागाला हे काही नवं नाही. निजामाचं राज्य गेलं, मग हैदराबाद गेलं, मग आंध्र आलं, आता तेलंगणा. दादा म्हणायचा, "गाव जागीच हाये, पाटीच फिरून राह्यली." मला वाटलं, आता आमचे दिवस आले. कुठले दिवस! पाट्या सगळ्या फ्लेक्सवाल्यांनी नेल्या. आमच्यासाठी राहिल्या भिंती, कारण पाटी नवी लागली की साहेबाला भिंत जुनी दिसते. भिंती राहिल्या म्हणजे रेघा राहिल्या. देवानं नेमकं तेच काम आमच्या पदरात टाकलं जे दादाच्या हातानं होत नव्हतं.

मग मी स्वतःच पट्टी बनवायची ठरवली. हसू नका. दुकानातली पट्टी घ्यायची ती फक्त कण्यासाठी. आधी ती माझ्या पँटीवर दोनदा चिकटवून काढायची, म्हणजे तिचा माज उतरतो आणि ती चुना ओढत नाही. तिच्या कडेला पतंगाच्या कागदाची बोटभर झालर लावायची. पतंगाचा कागद इतका पातळ की ओलसर केला तर भिंतीच्या प्रत्येक खळग्यात जाऊन बसतो. झालर भिंतीला चिकटवायला धावड्याचा डिंक आणि ज्वारीच्या पिठाची खळ. नुसता डिंक भिंत सोडत नाही, नुसती खळ भिंत धरत नाही. दोघांचं लग्न लावून द्यायला मला एक अख्खा पावसाळा लागला. पहिल्या खेपेला मी दुकानात होता तो लाल कागद घेतला. त्याचा रंग सुटला आणि एका शाळेची भिंत नवरीसारखी गुलाबी झाली. हेडमास्तर जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. वहिनीचं वेगळंच. "खायच्या पिठाची खळ करून भितीले लावता? भितीले भूक लागली का?"

पण पट्टी जमली! आधी भिंतीच्याच रंगाचा एक हलका हात पट्टीच्या कडेवरून द्यायचा, म्हणजे बारीक फटी बुजतात, मग वरून रेघेचा रंग. चुना असो की सिमेंट, टिन असो की लाकूड, माझी झालरपट्टी सगळीकडं चालायला लागली. पट्टी निघाली की खाली अशी रेघ, की पाहून मलाच गहिवरून यायचं.

फक्त सुरुवात सोडून. हीच ती गोष्ट, जिनं माझं डोकं फिरवलं. कुठलीही भिंत घ्या, रेघ जिथून सुरू होते तिथं पहिल्या हातभरात पट्टीची कड सुटायची आणि रंग आत शिरायचा. हातभर म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत. त्याच्या पुढं सगळं झकास. मी पट्टी दाबून बसवली, तरी सुटली. खळ घट्ट केली, तरी सुटली. वर आणखी मुंग्या! पट्टीच्या त्याच टोकाला मुंग्यांची रांग. मला वाटलं, माझ्या खळीतल्या पिठाला मुंग्या लागल्या. खळीत मोरचूद घातलं. मुंग्या तरीही आल्या, आणि फक्त सुरुवातीलाच आल्या. बाकीच्या भिंतीवर तीच खळ होती की नाही? तिथं त्यांना काय शपथ घातली होती?

राजन्नाला तर एकच कारण माहीत होतं. सुरुवात दादा करायचा. नारळ फोडून पहिला ब्रश थोरल्यानं लावायचा, असा आमच्या घरचा रिवाज. राजन्ना म्हणाला, "बूढ़ा जहाँ हाथ लगाया वहीं खराब." आणि सगळ्यात वाईट म्हणजे दादालाही तेच वाटायला लागलं. एके दुपारी जेवायला बसलो तर डबा उघडायचं सोडून तो हाताकडं पाहत बसला. म्हणाला, "शंकऱ्या, पट्टी लावून बी मले रेघ नाई येऊन राह्यली. आता बस झालं. तू दुसरा माणूस पाह्य."

मी खेकसलो. "दादा, जेव गुमान. पट्टीत खोट हाये, तुह्या हातात नाई." पण खोट काय ते मला कुठं माहीत होतं? त्या दिवशी मला भाकरी गेली नाही.

तेवढ्यात बातमी आली की आता जिल्हेही तोडणार. एका आदिलाबादचे चार जिल्हे. आमची वांकिडी दुसऱ्या जिल्ह्यात, बेज्जूरही तिकडंच. दसऱ्याला नवे जिल्हे सुरू होणार, म्हणजे दसऱ्याच्या आत सगळ्या भिंती तयार पाहिजेत. राजन्ना भिंगरीसारखा फिरत होता. मला म्हणाला, "ये काम साफ आया तो आगे सब तुम्हारा. नहीं तो बूढ़ा पक्का बंद." आम्ही बेज्जूरच्या एका शाळेपासून सुरुवात केली.

तिथं दादानं भिंतीपुढं नारळ फोडला आणि तो नासका निघाला. आत काळं, घाण वास. दादाचं तोंड उतरलं. दुसरा नारळ गावात मिळेना. शेवटी भिंतीला नुसतं कुंकवाचं बोट लावून तो कुरकुरत कामाला लागला. "अपशकून झाला. आज पाह्यजो, सारी रेघ बिघडते."

पट्टी काढली. पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत रेघ अशी, की सुरी फिरवल्यासारखी. एक मुंगी नाही. दादा म्हणाला, "देवाची लीला." मी मात्र हातातली पट्टी तशीच धरून खाली बसलो. नारळ! आमच्या बापाच्याही आधीपासूनचा आमचा रिवाज. काम सुरू करताना नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी भिंतीवर, जिथून काम सुरू होणार तिथं, शिंपडायचं. ते पाणी वाळलं की दिसत नाही, पण त्याचा गोडवा भिंतीवर राहतो. माझ्या पट्टीवरून पहिला ओला हात फिरला की तो गोडवा विरघळायचा आणि कड सुटायची. मुंग्या माझ्या खळीसाठी येतच नव्हत्या. बापाच्या आणि दादाच्या नुसत्या ब्रशाला त्या पाण्यानं कधीच काही फरक पडला नाही. लहानपणापासून माझ्या नाकासमोर ते पाणी उडत होतं आणि मी मोरचूद कुटत बसलो होतो!

आनंदानं मी दादाला मिठीच मारली. "दादा, तुह्या हाताचं काई नाई! नारळाचं पाणी हाये ते! आता फक्त पाणी शिंपडू नको, झालं."

दादानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. मग म्हणाला, "नारळ काऊन सोडू? तू पट्टी बदल."

मी कपाळावर हात मारला. "अरे, मग जमिनीवर शिंपड!"

"काम भितीवर अन् पाणी जमिनीवर? पाहुणा घरात अन् पान गोठ्यात वाढाचं का?"

आता या माणसाशी काय बोलायचं, सांगा! डिंक, खळ, पतंगाचे कागद, वहिनीच्या शिव्या, सगळं ज्याच्यासाठी केलं तोच आडवा. वांकिडीपर्यंत बसमध्ये मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो. उतरताना त्यानंच तोड काढली. "असं कर. पयला हातभर माहा. तिथं पट्टी नाई, दोरी नाई. नुसता ब्रश. पुढची भीत तुह्या पट्टीची." मी म्हटलं, राजन्ना पाहील तेव्हा? दादा म्हणाला, "पाह्यल त पाह्यल." हट्टाला औषध नसतं.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी आम्ही नव्या जिल्ह्यातल्या एका कचेरीच्या भिंतीवर होतो. दर्शनी भिंत. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब तिच्यासमोरूनच आत जाणार. दादानं नारळ फोडला, चांगला निघाला, पाणी शिंपडलं. मी हातभर जागा सोडून पट्टी लावली, रंग भरला, पट्टी काढली. भिंतभर रेघ झळकली. सुरुवातीचा तुकडा तेवढा कोरा. आणि नेमका राजन्ना मोटारसायकलवरून उतरला.

"ये इत्ता कायकू छोड़ा?"

दादानं बाही वर सारली. ब्रश रंगात बुडवला आणि भिंतीला खांदा लावला. राजन्ना मागं उभा, म्हणून हात जास्तच कापत होता. रेघ आली, पण थरथरत आली. मला पाहवेना.

"बस," राजन्ना म्हणाला. "मैं पहले ही बोला था. शंकर, पोंछ उसको. तू मार. बूढ़ा कल से नक्को."

मी ओल्या फडक्यानं पुसलं. पट्टी लावायला गेलो तर नारळाच्या पाण्यावर ओलं फडकं फिरलेलं, ती तिथं आता अजिबात धरेना, कड वर उचलून माझ्याकडं पाहायला लागली. मी म्हटलं, इथं भिंत धुवून, वाळवून, पुन्हा रंगवावी लागेल. राजन्ना ओरडला, "कल सुबह साहब लोग आते! हाथ से मार. भाई के पीछे उमर गई तेरी, एक हाथ लाइन नहीं आती क्या?"

मी ब्रश घेतला. माझा हात ठणठणीत, खिळा ठोकल्यासारखा स्थिर. दादा करतो तसा खांदा लावला, श्वास रोखला आणि ओढली. रेघ वरून निघाली, पोटातून खाली आली, मधे जाड झाली, पुढं बारीक झाली, आणि पट्टीच्या रेघेला जिथं मिळायची तिथं दोन बोटं खाली जाऊन थांबली. समोरचा चहावालासुद्धा पाहत होता.

राजन्नानं माझ्या रेघेकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग दादाकडं. "पोंछ," तो हळूच म्हणाला. "बूढ़े को दे."

दादानं ब्रश घेतला. या वेळी घाई केली नाही. रेघ कडेला जराशी कापत होती, पण निघाली तिथून थेट जाऊन पुढच्या रेघेत अशी मिसळली की सांधा शोधावा लागला असता. राजन्ना दोन पावलं मागं गेला, मान तिरकी करून पाहिलं. "चलता," म्हणाला. "आगे भी पहला हाथ इसकाच रखो." आणि मोटारसायकल सुरू करून दुसऱ्या भिंतीकडं गेला.

मला लाज वाटली, राग आला, आणि छातीवरचा मोठा धोंडा उतरल्यासारखं झालं, सगळं एकदमच. वहिनीला कधी सांगतो असं झालं. दादा बादलीत ब्रश धूत होता. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय, म्हणून मी जवळ गेलो. तो हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"शंकऱ्या," तो म्हणाला, "माहा हात थरथरते म्हून माही रेघ वाकडी. तुही काऊन वाकडी आली रे?"